मा. विशेष प्रतिनिधी यांस, कुरखेड्याहून

मा. विशेष प्रतिनिधी,
मुक्काम पोस्ट : निवडणूक विशेष पान



आपली नि माझी भेट नाही. कुरखेड्यात आपल्याला कुणीच पाहिलेलं नाही. तरी अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की आपण इथे उगवता आणि मतदान झालं की गायब होता. मधल्या दिवसांत आपण जे लिहिता, त्यावरून आम्हाला कळतं की गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या आरमोरी मतदारसंघात एकाच वेळी चार उमेदवारांची लाट आहे, चौघांच्याही पदयात्रेला उत्स्फूर्त प्रतिसाद आहे आणि चौघांचाही विजय निश्चित आहे. जागा एकच आहे, हे आपल्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसावं.

मी आपला जुना चाहता. आपली ऑक्टोबर 2009 ची कामगिरी तर पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला लावायला हवी. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यात भोकरमधून उभे होते. त्यांच्या तरुण, तडफदार नेतृत्वाची थोरवी सांगणारा एक मजकूर लोकमत, महाराष्ट्र टाइम्स आणि पुढारी या तीन दैनिकांत आला, तिन्हीकडे शब्दन् शब्द तोच. पत्रकार पी. साईनाथ यांनी हा प्रकार ‘द हिंदू’त मांडला, तेव्हा लोक उगाच चिडले. एकमेकांचे वाचक पळवायला टपलेल्या तीन दैनिकांच्या मनात एकच विचार, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने यावा, एवढं ऐक्य महाराष्ट्रात आणखी कोणी घडवून दाखवलंय का?

त्या निवडणुकीत चव्हाणांनी जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता 11,379 रुपये. त्यात वृत्तपत्रांसाठी 5,379 आणि केबलसाठी 6,000. ‘अशोकपर्व’ नावाने निघालेली रंगीत पानंच्या पानं या रकमेत कशी बसली, असं विचारणारे लोक कोत्या मनाचे. ती पानं प्रेमाने निघाली होती, आणि प्रेमाचं कुणी बिल फाडत नाही. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. जुलै 2014 मध्ये, खर्चाचा हिशेब नियमाप्रमाणे दिला नाही म्हणून, निवडणूक आयोगाने चव्हाणांना नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. ही पाच वर्षं प्रश्न उमेदवाराच्या हिशेबाचा होता. आपल्या हिशेबाचा तो कधी झालाच नाही.

2009 च्या मतदानाआधीचा आठवडा आम्हाला आणखी एका कारणाने आठवतो. 8 ऑक्टोबर 2009 ला आमच्याच जिल्ह्यात, भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ, 17 पोलीस मारले गेले. मतदान 13 तारखेला होतं. ती बातमीही छापून आली, नाही असं म्हणणार नाही. पण ज्या आठवड्यात राज्याच्या प्रमुखाला धारेवर धरायचं, त्या आठवड्यात आपण त्यांची तडफ मोजत होता.

आपला भावही आम्हाला ठाऊक आहे. साईनाथ यांनीच लिहून ठेवलंय की त्या निवडणुकीत साधं पॅकेज चार लाखांपासून सुरू व्हायचं. त्यात उमेदवाराचा परिचय आणि त्याच्या पसंतीच्या चार बातम्या. पसंतीच्या! आम्हाला पेपरमध्ये नावडत्या बातम्याही वाचाव्या लागतात, म्हणून हा शब्द फार भावला. पुढे प्रेस कौन्सिलने या धंद्याच्या चौकशीसाठी दोघांची उपसमिती नेमली. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी 2010 मध्ये 71 पानांचा अहवाल दिला आणि त्यात वृत्तपत्रांची नावंही लिहिली. कौन्सिलला तो फारच लांबलचक वाटला असावा. तिने थोडक्या पानांचा, नावं गाळलेला अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल लोकांसमोर ठेवायला केंद्रीय माहिती आयोगाला 2011 मध्ये आदेश द्यावा लागला. दुसऱ्याच्या भानगडी पहिल्या पानावर छापणाऱ्यांना स्वतःचं नाव वाचताना इतकी लाज वाटते, हे पाहून आमचा पत्रकारितेवरचा विश्वास वाढला.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या तालुक्याचा वार्ताहर म्हणजे आपण नव्हे. तो बिचारा मोटारसायकलवर मालेवाड्यापासून कोरचीपर्यंत फिरतो. बातमीही तोच देतो, अंकाची एजन्सीही त्याचीच, दिवाळी पुरवणीच्या जाहिराती गोळा करायलाही तोच, आणि पोट भरतं ते त्या जाहिरातीच्या कमिशनवर. पगार नावाची चीज त्याने ऐकलेली असते. निवडणूक आली की वरून फोन येतो : अमक्याचं झालं, रोज फोटो लाव, तमका अजून भेटला नाही, त्याची सभा घेऊ नको. सभेला पाच हजार माणूस असो की पन्नास, ‘भेटला नाही’ म्हणजे ती सभा झालीच नाही. आपली खरी कारागिरी इथेच आहे. स्तुती आम्ही ओळखतो आणि हसून पान उलटतो. जे छापलंच गेलं नाही, ते कुठून ओळखणार?

लोकसभेची निवडणूक एप्रिलमध्ये येते. तेव्हा आमची माणसं पहाटेपासून मोहफुलं वेचत असतात आणि तेंदूचा हंगाम तोंडावर असतो. ग्रामसभांना लिलावात भाव काय मिळाला, ठेकेदाराने मागचे पैसे दिले का, सामूहिक वनहक्काचे पट्टे कुठे अडले, हे उमेदवाराला विचारायचे नेमके दिवस. विधानसभा येते ती धानाच्या कापणीत. 2021 मध्ये छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती शेतात शिरतात, वडसा-आरमोरीकडे वाघाच्या भीतीने बाया सरपणाला जात नाहीत, खरेदी केंद्र आणि बोनसची वाट पाहणं सुरू असतं. कोरचीच्या झेंडेपार डोंगरावरच्या लोहखाणीला गावांनी विरोध केला. त्यावर कोणता उमेदवार काय म्हणतो? आपल्या पानावर याची उत्तरं शोधली तर ‘विकासाची गंगा’ सापडते. आमच्याकडे सती नदी आहे, गंगा फक्त आपल्या पानातून वाहते.

शहरातल्या आवृत्तीत आमची वेगळी सोय आहे. तिथे आम्ही दरवेळी तेच : हेलिकॉप्टरने पोचलेलं मतदान पथक, दुपारी तीनला संपणारं मतदान, काठी टेकत आलेली आजी, आणि माओवाद्यांच्या बहिष्काराला न जुमानता लागलेली रांग. 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये 72 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. मुंबई-पुण्याने शरमावं असा आकडा. या माणसांनी कशासाठी मत दिलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. आम्ही शूर आहोत एवढंच छापून आलं. 1 मे 2019 ला आमच्या जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला, तेव्हाही महाराष्ट्राने चार दिवस कुरखेडा हे नाव वाचलं. बॉम्ब फुटला तर आम्ही बातमी, निवडणूक आली तर गिऱ्हाईक.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या तिकीट लावतात, पोस्टरवर नटांची नावं छापतात आणि नाटकाला नाटक म्हणतात. आपण तिकीट नटाकडून घेता, खेळ आम्हाला फुकट दाखवता आणि त्याला बातमी म्हणता.

कायद्याची भीती घालत नाही, निश्चिंत असा. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशा छापील मजकुराचा खर्च दाखवला नाही म्हणून 2011 मध्ये निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. अपात्र त्या ठरल्या, छापणारे पेपर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे निघाले. जिल्ह्याच्या माध्यम संनियंत्रण समितीने बातमी पैशाची ठरवली तर खर्च उमेदवाराच्या खात्यात चढतो. आपल्या नावाने फार तर प्रेस कौन्सिलकडे कागद जातो, आणि कौन्सिल ताशेरे ओढण्यापलीकडे काही करू शकत नाही. विधी आयोगाने 2015 मध्ये पैसे घेऊन बातमी छापणं हा गुन्हा ठरवा अशी शिफारस केली. ती अजून शिफारसच आहे.

तेव्हा आपल्याकडे काही मागणं नाही. मागणं गावकऱ्यांकडे आहे. 2009 ची चोरी उघडी पडली ती वेगवेगळे पेपर शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. पुढच्या वेळी बसस्टँडवर चहा पिताना ज्याच्या हातात दुसरा पेपर असेल, त्याच्या शेजारी बसा. एकच मजकूर दोन्हीकडे दिसला तर तारीख टाकून कात्रण ठेवा आणि गडचिरोलीला जिल्हाधिकारी कार्यालयात, माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीच्या नावाने, तक्रार द्या. आणि पोच घ्यायला विसरू नका.

आपला,
कुरखेड्याचा एक वर्गणीदार