उणे चौतीसची तयारी

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले नाना बँकेतून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासण्यात गेला, त्यामुळे कोणत्याही कागदाकडे ते आधी संशयाने पाहतात आणि मग चष्मा लावून पाहतात. थंडी म्हणाल तर ती त्यांनी महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पाहिली होती. एरवी बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली हीच त्यांची वेधशाळा. तेल २४ अंशांच्या आसपासच गोठायला लागतं, पण बाटली उपडी करून तेल पडलं नाही की नाना कानटोपी काढतात.

अशा माणसाने पहिल्या परदेशवारीसाठी दुबई सोडली, सिंगापूर सोडलं आणि डिसेंबरातलं हेलसिंकी धरलं. कारण विचारलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात काय, कोणीही जातं."

खरं कारण पुतणी. ती हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पूत नोकरी करते आणि तिने फोनवर सहज "या की एकदा" म्हटलं होतं. नानांना 'सहज' हा प्रकार माहीत नाही. त्यांनी जानेवारीतच फाइल उघडली, फोटो काढले, ३५ बाय ४५ मिलिमीटर भरतात का ते पट्टीने मोजले, आणि मग वाचलं की शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी घेतच नाहीत. फोटोही सहा महिन्यांच्या आतलाच लागतो. दुसरा माणूस वैतागला असता. नाना खूश झाले. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा, हे वाचून तर त्यांना फिनलंड हा आपल्याच शाखेचा देश वाटू लागला.

हेलसिंकी समुद्रकाठी वसलेलं आहे. डिसेंबरात तिथला पारा बहुधा शून्याच्या आगेमागे घुटमळतो, ही माहिती कोणालाही मिळते. नानांनी मात्र १९८७ च्या जानेवारीतला उणे ३४ अंशांचा विक्रम खणून काढला आणि खरेदी त्या हिशेबाने सुरू केली. मी म्हटलं, "नाना, ती एखाद्याच वर्षाची गोष्ट." ते म्हणाले, "कर्ज देताना आम्ही ते बुडणार असं धरूनच कागद करायचो."

रस्त्याकडेच्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे नानांचं खातं उघडायचंच काय ते बाकी राहिलं. घरात लोकरीचे ढीग लागले. पुतणी फोनवर समजावत राहिली, "नानाकाका, आत सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं. अंगालगत पातळ लोकरीचं, मधे उबदार आणि वरून वारा अडवणारं, असे तीन थर पुरतात. आणि घरात, दुकानात, ट्राममध्ये सगळीकडे हीटर असतो. कोट आत शिरल्याबरोबर काढायचा असतो." नानांनी तीन थर लिहून घेतले आणि पुढे स्वतःच्या अधिकारात आणखी दोन मंजूर केले.

"इथे लोक थंडीने पडत नाहीत, बर्फावरून घसरून पडतात," असं तिने सांगितल्यावर नवीन प्रकरण उघडलं. जाड मोजे मावावेत म्हणून बूट एक नंबर मोठे आले. बुटांवर चढवायच्या, खिळे लावलेल्या रबरी पट्ट्या आल्या. पाऊल आखूड टाकायचं, तळवा सपाट ठेवायचा, असा सराव नाना पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू लागले. फरशीवर ओरखडे उठले, सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली आणि नानांनी तिच्यातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं.

यात भर पडली साडूभाऊंची. ते मुलीकडे टोरंटोला एक हिवाळा काढून आलेले, त्यामुळे बर्फ या विषयावरची शेवटची सही आपली, असा त्यांचा समज. नानांनी यादीतलं एकेक कलम वाचावं आणि साडूभाऊंनी मान हलवावी. "टोरंटोला याचा काही उपयोग नाही." "पण मी हेलसिंकीला चाललोय." "बर्फ तो बर्फ, नाना!" अशा बैठका महिनोन्‌महिने चालल्या. त्यांत चहा किती गेला याचा हिशेब माईंकडे आहे.

माईंचा सहलीशी संबंध खाण्यापुरता. त्यांनी साजूक तूप, पेढे आणि श्रीखंडाच्या वड्या बांधायला घेतल्या. नानांनी लाल पेन्सिल काढली. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. मेतकूट, लसणीची चटणी, चकल्या मंजूर, तूप नामंजूर. "अहो, तुपाशिवाय मेतकूट-भात? मग जायचं कशाला एवढ्या लांब?" असं म्हणून माई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिकडे लोणी चांगलं मिळतं, हे पुतणीने सांगितल्यावर तह झाला.

मग कार्यक्रमपत्रिका. नानांनी पहिला मसुदा डोंबिवलीच्या सूर्यावर केला होता: सकाळी सहाला सिनेट चौक, सातला कॅथेड्रल. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वानऊनंतर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या आत मावळतो, हे कळलं तेव्हा नानांनी एक क्षण डोळे मिटले आणि नवा तक्ता आखला. जेमतेम सहा तासांच्या उजेडाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन पाडले. बाजारचौकातून फेरीबोटीने पाव तासावर असलेला सुओमेनलिन्ना हा बेटांवरचा अठराव्या शतकातला किल्ला उजेडात. खडक कोरून बांधलेलं १९६९ सालचं टेम्पेलिआउकिओ चर्च अंधार पडल्यावर, कारण ते आतूनच पाहायचं. संसदेसमोरचं, २०१८ साली उघडलेलं ऊदी ग्रंथालय 'फुकट आणि गरम' या शेऱ्यासह रोज. ध्रुवीय प्रकाश खिडकीतून, रात्री दहा ते अकरा. "काका, शहरातून तो क्वचितच दिसतो. त्यासाठी रात्रभराच्या गाडीने रोव्हानिएमीला जावं लागतं," असं पुतणी म्हणाली. नानांनी तो चौकोन खोडला नाही, 'दिसल्यास' एवढं जोडलं.

सॉनाच्या ओळीपुढे मात्र 'विचाराधीन' असा शेरा होता. सुमारे ५५ लाखांच्या या देशात ३० लाखांच्या आसपास सॉना आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा आपल्या यादीत घेतली, इथवर नाना अभिमानाने सांगत. तिथे कपडे काढून बसतात, इथे आले की आवाज खाली जाई. माईंनी आतून विचारलं, "पंचा चालतो का, ते विचारा."

प्रत्यक्ष सहल थोडक्यात सांगता येईल. आठवडाभर पारा शून्याच्या एक-दोन अंश वर राहिला आणि रिपरिप पाऊस पडला. ऊदी ग्रंथालयात पाच थरांतल्या नानांना घाम फुटला. खिळ्यांच्या पट्ट्या पिशवीतच राहिल्या. चौदा पानी यादीत एक गोष्ट नव्हती: छत्री. पावसाळ्याचे चार महिने छत्री हातावेगळी न करणारा डोंबिवलीकर हेलसिंकीत भिजला.

पण २४ डिसेंबरला दुपारनंतर शहराने दार लावून घेतलं. बहुतेक दुकानं बंद, हॉटेलं बंद, ट्रामही विरळ. राहत्या ठिकाणच्या लॉबीत नाशिकचं एक कुटुंब लेकरांसह हताश बसलं होतं. नाताळला युरोपात मोठी गर्दी असते म्हणून ते आले होते. नानांच्या पत्रिकेत त्या तारखेपुढे नऊ महिन्यांपूर्वीच लिहिलं होतं: 'सर्व बंद. २३ ला तांदूळ, लोणी, दूध.' त्या संध्याकाळी नाशिककरांनी फिनिश लोण्याबरोबर मेतकूट-भात खाल्ला आणि नानांनी त्यांना शेंगेनचे नियम सविस्तर समजावले. त्यांनीही ते ऐकून घेतले. भात पोटात होता.

परत आल्यावर साडूभाऊ म्हणाले, "टोरंटोला मी छत्री नेली होती." पुढच्या हिवाळ्याला त्यांना नानांबरोबर यायचं आहे.

तेव्हा वाचकहो, थंडीच्या देशात पहिल्यांदा निघताना आपल्या गोतावळ्यातले एक नाना शोधा आणि त्यांची यादी मुकाट्याने मान्य करा. छत्री आपली आपण घ्या. साडूभाऊंना मात्र विमानतळावरूनच निरोप द्या.