द्वादशीचा समुद्र

समुद्रावर जायचं ठरलं की आमच्या दुसरबीडला पहिली बैठक खाण्याची होते. दशम्या किती, पुऱ्या किती, ठेचा ओला की कोरडा, शेंगदाण्याची चटणी कोणत्या डब्यात, आणि तो डबा पिशवीत आडवा झाला तर तेल कोणाच्या साडीला लागणार, इथपर्यंत चर्चा पोचते. दुसरी बैठक माणसांची. कोणत्या आत्याला न्यायचं, आणि कोणत्या आत्याला नाही नेलं तर ती पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत बोलणार नाही, हे कागदावर न मांडता मांडलं जातं. तिसरी बैठक गाडीची, आणि तिथे हमखास भांडण. एवढं सगळं होतं, पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो समुद्र त्या दिवशी त्या वेळी जागेवर असेल का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. पाहुणा दिवसातून दोनदा घर सोडून जातो हे माहीत असताना आपण त्याला न कळवता जाऊ का? समुद्र तर रोज दोनदा जातो आणि दोनदा येतो. म्हणून माझं म्हणणं आहे की समुद्राचा दिवस रविवार पाहून ठरवू नये, तिथी पाहून ठरवावा.

यात नवीन असं काही नाही. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणने गुणला की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग जातो, एवढंच यातलं शास्त्र. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हा हिशेब अर्ध्यापाऊण तासाच्या फरकानं जुळतो. आता पाऊणकी पाठ असलेली पिढी आमच्याकडे पारावर बसून असते. 1973 पासून निघणारं कालनिर्णय घराघरात खिळ्याला लटकलेलं असतं. लग्न, वास्तू, बोअरवेलचा नारळ, ट्रॅक्टरची पूजा, सगळं त्यावर बघून होतं. ज्या एका गोष्टीवर चंद्राचा परिणाम खरोखर मोजता येतो, तेवढीच आम्ही पंचांगाला विचारत नाही. याला काय म्हणावं!

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त पंचांगी आहेत. तिथल्या सेंट मालो गावात भरती-ओहोटीचा फरक बारा-तेरा मीटरपर्यंत जातो. आपल्या मुंबईला उधाणात तो चार-पाच मीटरचा. म्हणजे सेंट मालोला सकाळी ज्या वाळूवर सतरंजी अंथरली, तिथे दुपारी चार मजली घर बुडेल एवढं पाणी. तिथे भरतीच्या जोराला 20 ते 120 असा आकडा देतात, आणि किनाऱ्यावरची कुटुंबं तो आकडा नि वेळ बघून मगच डबा भरतात. ओहोटीला पाणी फार लांब जातं, म्हणून त्यांनी किनाऱ्यावरच भिंत घालून पोहण्याचा तलाव केला. समुद्र गेला तरी तेवढं पाणी मागे राहतं. समोर ग्रँड बे नावाचं छोटं बेट आहे, त्यावर लेखक शातोब्रियाँची समाधी. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला नाही. वेळ चुकवणाऱ्यानं पुढचे काही तास शातोब्रियाँच्या सोबतीनं काढायचे.

आपल्याकडे हाच प्रकार अलिबागला आहे. कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, पाणी थोडं असलं तर घोडागाडी जाते, आणि भरतीला तो पुन्हा बेट होतो. शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम 1680 साली हाती घेतलं आणि पुढे तो आंग्र्यांचं ठाणं झाला. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर, म्हणजे आमच्या तालुक्याचा या किल्ल्याशी आजोळाकडून संबंध लागतो. असा किल्ला किनाऱ्यावर उभं राहून लांबून बघणं बरं दिसत नाही. आत 1759 मधलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याची सोय आहे. आमच्या आत्या देवळाइतकाच वेळ त्या पाण्यापाशी काढतील, याबद्दल मला शंका नाही. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला गोड्या पाण्याचं कौतुक शिकवावं लागत नाही.

यावर पहिली हरकत अंतराची. ती आता निम्मी निकालात निघाली आहे. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो आणि 5 जून 2025 पासून तो नागपूर ते आमणे असा पुरा 701 किलोमीटर खुला आहे. पण रस्ता सरळ आहे म्हणून रात्रभर एकट्यानं गाडी हाणायची, हा शहाणपणा कोणी सांगू नये. 1 जुलै 2023 च्या रात्री पिंपळखुट्याजवळ याच रस्त्यावर बस जळून 25 माणसं गेली. तो आमचाच तालुका. शिवाय आमण्याच्या पुढे पेण, वडखळ आहेच, आणि रविवारी वडखळला जी रांग लागते तिला समृद्धीचा वेग माहीत नाही. त्यापेक्षा जालन्याला रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसावं, सकाळी मुंबई, तिथून गेटवेची लाँच, तासाभरात मांडवा, पुढे लाँचवाल्यांचीच बस अलिबागला. अकराच्या सुमारास वाळूवर. डबे उघडायला योग्य वेळ.

दुसरी हरकत घेणारे म्हणतात, खारं पाणीच बघायचं तर लोणार जवळ आहे. आहे ना, आणि लोणारची थोरवी मोठीच आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो गेले, त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. पण ते पाणी अल्कधर्मी, त्यात डुंबायचं नसतं, आणि लोणारचं पाणी कोणाची चप्पल ओढून नेत नाही. लहान पोराला समुद्रावर जी मजा येते ती नेमकी या ओढाताणीची. तिसरी हरकत वाळूची. वाळू बघायला एवढं लांब कशाला, आमच्या खडकपूर्णा नदीत काय कमी होती? होती, हे खरं. आमच्याकडच्या माणसाला रेती दिसली की तो मनात ब्रास मोजतो. अलिबागच्या किनाऱ्यावर त्याचा पहिला प्रश्न हाच येणार की याचा लिलाव झाला का, आणि रात्री टिप्पर कोणत्या बाजूनं येतात. पण ज्या रेतीवर कोणाची बोली लागलेली नाही, अशा रेतीवर पोरांना किल्ला करताना बघणं हा अनुभव आमच्या तालुक्यात दुर्मीळ झाला आहे. त्यासाठी रात्रभराचा प्रवास महाग नाही.

मग तिथी कोणती? पौर्णिमेला लोक हौसेनं जातात, पण तेव्हा उधाण. दुपारी पाणी बांधाला टेकलेलं आणि ओहोटी संध्याकाळी पाचनंतर, परतीची लाँच गाठायच्या घाईत. अष्टमीला ओहोटी भरदुपारी खरी, पण तेव्हा भांगाची भरती; पाणी फारसं मागे हटतच नाही. हिशेब करत गेलं की बोट द्वादशीवर थांबतं. सकाळी नवाला भरती, तीनच्या सुमारास ओहोटी. म्हणजे अकराला पोचून पाण्यात खेळा, जेवा, दोन-अडीचला तिथल्या माणसांना विचारून किल्ल्यात जा, पाणी वळायच्या आत परत या. शिवाय आदल्या दिवशी एकादशी. निघताना घर उपासाचं, म्हणजे पहिली बैठकच रद्द. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मला ठाऊक आहे, पण साबुदाणा दोन डब्यांत मावतो. आणि उपास सोडायचा तो थेट समुद्राकाठी. शाकाहाऱ्यांनी दशमीवर, बाकीच्यांनी सुरमईवर. आत्यांनाही यात खोट काढता येणार नाही.

रविवार आणि द्वादशी एकत्र कधी येणार, असं नोकरदार विचारतील. महिन्याला दोन द्वादशा, त्यामुळे सरासरीनं वर्षात तीन-चारदा येतात. त्यातल्या पावसाळ्यातल्या सोडाव्या लागतात, एखादी परीक्षेत जाते, वसुबारसेला घरातल्या बाया हलत नाहीत. उरलेली एखाददुसरी पुरे. समुद्राला दर महिन्याला जाणाऱ्यातले आपण नाहीच. तेव्हा आजच पंचांग खाली उतरवा, पुढची रविवारची द्वादशी शोधा, आणि देवगिरीचं आरक्षण लगेच करा. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद असतात.