गाण्याची फिर्याद घेऊन ठाण्यात जाणाऱ्या महोदयांस

भोपाळ

महोदय,

तुमचे नाव मी लिहीत नाही. ते दर वेळी बदलते, शहर बदलते, पक्षही बदलतो. अर्जाचा मजकूर मात्र तोच राहतो. कुणी पोरगा ठेक्यावर चार कडवट ओळी म्हणतो, व्हिडिओ फोनाफोनी फिरतो आणि तुम्ही जवळच्या ठाण्यात अर्ज घेऊन हजर होता. अर्जात तुमच्या भावना दुखावलेल्या असतात, समाजात तेढ निर्माण होणार असते, कठोर कारवाईची मागणी असते. गाण्यात विचारलेला प्रश्न तेवढा त्या अर्जात कुठे सापडत नाही. तो तुम्ही टाळलात, म्हणून तुम्हाला असे जाहीरपणे गाठावे लागते आहे.

एप्रिल २०२३ आठवा. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने चोर आणि पन्नास खोके यांच्यावर एक मराठी रॅप केले. त्यात त्याने कुणाचे नाव घेतले नव्हते. खोक्यांची भाषाही त्याने शोधलेली नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदार तीच घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर देत होते आणि सगळ्या वाहिन्या ती दाखवत होत्या. आमदारांनी घोषणा दिली तर ते राजकारण आणि पोराने गाणे केले तर तो गुन्हा, असा हिशेब तुम्ही मांडलात. सत्ताधारी पक्षाच्या युवासेनेकडून तक्रार गेली आणि अंबरनाथच्या शिवाजीनगर ठाण्यात गुन्हा दाखल झाला. गाणाऱ्याने नाव न घेता चोर म्हटले आणि तुम्ही भर चौकात हात वर केलात. चोराच्या मनात चांदणे ही म्हण मराठीत फार जुनी आहे. ती तुमच्या अर्जाला लोकांनी चिकटवली, त्यात त्या रॅपरचा दोष नाही.

त्याच दिवसांत उमेश खाडे याच्या ‘भोंगळी केली जनता’ या रॅपवर मुंबईत वडाळा टीटी पोलिसांनी गुन्हा नोंदवला. लोकांना कुणी नागवले, हा त्या गाण्याचा सवाल. त्याच्या उत्तरात तुम्ही गाणाऱ्याचाच पत्ता शोधायला लावलात. वर्गावर्गांत वैरभाव पसरवण्याचे कलमही या प्रकरणांत लागले. ते दोन वर्ग कोणते, हे एकदा सांगा. नागवणारे आणि नागवले गेलेले, एवढे दोनच वर्ग मला त्या गाण्यात दिसतात. त्यांच्यातले वैर रॅपने निर्माण केलेले नाही.

वर्षही तुम्ही नेमके साधले होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने जी पार्टी वाजवली, तिथून हिप-हॉपचा जन्म मोजतात. २०२३ साली त्याला पन्नास वर्षे झाली. जगभर त्या अर्धशतकाचे सोहळे होत असताना आपल्याकडे मराठी रॅपच्या वाट्याला गुन्ह्याची नोंद आली. ही भेट तुमची.

आमचे भोपाळही त्या वर्षी मागे राहिले नाही. जुलै २०२३ मध्ये सीधीच्या लघवी प्रकरणाने मध्यप्रदेशाची मान खाली गेली. नेहा सिंह राठौर या भोजपुरी गायिकेने त्यावर एक व्यंगचित्र टाकून ‘एमपी में का बा’ हे गाणे येणार असल्याचे सांगितले आणि भोपाळच्या हबीबगंज ठाण्यात तिच्यावर गुन्हा नोंदवला गेला. तक्रार चित्रावर होती. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकारही दिला. त्या चित्राशी तुमचे भांडण असू शकते, ते मला कळते. पण या ‘का बा’ची वंशावळ बघा. २०२० साली मनोज बाजपेयीने ‘बंबई में का बा’ हे भोजपुरी रॅप केले. २०२२ च्या निवडणुकीत खासदार रवी किशन यांनी उत्तर प्रदेशात सगळे काही असल्याचे गाण्यातून सांगितले, तेव्हा या गायिकेने गाण्यातूनच विचारले की नक्की काय आहे. सवाल होता, जवाब होता, लोक दोन्ही ऐकून आपले मत बनवत होते. किती निकोप व्यवहार होता तो! पुढच्याच वर्षी पोलिसांची नोटीस तिच्या दारात पोचली आणि त्या व्यवहाराचा बोऱ्या वाजला.

रॅप ही परदेशी फॅशन आहे, आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असे तुम्ही भाषणात सांगता. ज्या संस्कृतीची तुम्ही राखण करता, ती तुम्ही ऐकलेली दिसत नाही. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र रंगत. कलगीवाले शक्तीच्या बाजूने आणि तुरेवाले शिवाच्या बाजूने उभे राहायचे. डफ-तुणतुण्यावर कूट घालायचे, समोरच्याच्या अकलेचे वाभाडे काढायचे. ज्याला उत्तर सुचले नाही तो हरला. राजस्थान-माळव्याकडच्या परंपरेत तर या कलगी-तुऱ्याची सुरुवात तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाह अली नावाचे फकीर यांच्या जुगलबंदीतून झाल्याचे सांगतात आणि चंदेरीच्या राजाने एकाला तुरा, दुसऱ्याला कलगी दिली अशी कथा आहे. ते चंदेरी आमच्या मध्यप्रदेशात आहे. भोपाळच्या जुन्या वस्तीत पठाणांनी चारबैत आणली. तिच्या मंडळ्यांना अखाडे म्हणतात. डफ हातात घेऊन दोन अखाडे समोरासमोर बसतात आणि एकाच्या बंदाला दुसरा बंदाने उत्तर देतो. आज ज्याला पोरे रॅप बॅटल म्हणतात, त्याचे घराणे या शहरात नवाबांच्या काळापासून नांदते आहे.

सत्तेला सुनावण्याची परंपराही आपलीच. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि त्याच वर्षी विद्याखात्यातल्या पंतोजींचे वाभाडे काढणाराही पोवाडा लिहिला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले आणि गिरणगावाचे दुःख डफावर घेतले. तेव्हाही तुमचे पूर्वज होतेच. त्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. अण्णा भाऊंचे आठवते.

माझे बोलणे तुम्हाला भावनेचे वाटेल, म्हणून कायद्याचे सांगतो. शब्दांचा परिणाम कोणत्या मापाने मोजायचा, हे आपल्याच भागात ठरले आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नागपूर उच्च न्यायालयात भगवतीचरण शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवले की हे माप समंजस, कणखर आणि धीराच्या माणसाचे हवे. जो प्रत्येक विरोधी मतात संकट हुंगतो, त्या डळमळीत मनाचे नव्हे. हा निवाडा १९४७ च्या निवाडासंग्रहात पहिल्याच पानावर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबे ट्रंका-वळकट्या घेऊन या शहरात आली. फायली आल्या, टंकलेखक आले. तो निवाडाही त्यांच्याबरोबर हबीबगंजपर्यंत यायला हवा होता.

दिल्लीपर्यंत मात्र तो पोचला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातच्या जामनगरमध्ये एका कवितेसाठी गुन्हा नोंदवला गेला होता. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. कविता किंवा विनोदी कार्यक्रम झाला म्हणून समाजात वैर माजेल, इतके आपले प्रजासत्ताक तकलादू नाही, असे त्यांनी सुनावले आणि बोस यांचे तेच माप पुन्हा हातात घेतले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारींत ती वापरा, असेही सांगितले. म्हणजे पोलिसांनी आधी गाणे नीट ऐकावे, ही अपेक्षा आता सर्वोच्च न्यायालयाचीही आहे. तुम्हीही ऐकायला हरकत नव्हती.

तुमच्यासारखे लोक रॅपच्या माहेरीही झाले. १९८९ साली एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या पोलिसांवरील गाण्याने चिडून एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या कंपनीला नाराजीचे पत्र पाठवले. गाणे थांबले नाही, उलट घराघरांत गेले. २०१६ साली हा गट अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मानाने दाखल झाला. अगदी अलीकडचे बघायचे तर मे २०२४ मधली केंड्रिक लमार आणि ड्रेक या रॅपरांची झुंज. केंड्रिकच्या ‘नॉट लाइक अस’ला फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. ड्रेक मैदानात हरला आणि रेकॉर्ड कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा घेऊन न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दावा फेटाळला गेला. रॅपच्या भांडणातले शब्द ऐकणारा शहाणा माणूस त्यांना पुराव्याने शाबित केलेले सत्य समजत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. इतका मोठा रॅपर ठाण्या-न्यायालयाच्या वाटेने गेल्याने लहान झाला. तुमचे काय होईल?

आता तुमच्या बाजूचा एक मुद्दा, जो मला मान्य आहे. रॅपमध्ये घाण आहे. बाईला वस्तू करणारी, दारू-बंदुकीचा माज मिरवणारी गाणी लाखोंनी ऐकली जातात. हनी सिंगवर अश्लील गाण्यांसाठी नागपुरात गुन्हा नोंदवला गेला आणि आवाजाचा नमुना द्यायला तो २०२२ मध्ये नागपूरला आला, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा गाण्यांवर कठोर टीका व्हायलाच हवी आणि ती रॅप आवडणाऱ्यांनी आधी करायला हवी. मिरवणुकीच्या भोंग्यांवर दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या माणसांना मारण्याची भाषा करणारी गाणी वाजतात, तिथे तर कायद्याने आलेच पाहिजे. पण त्या मिरवणुकीत तुम्ही फेटा बांधून पुढे असता. तुमच्या भावना तिथे दुखावत नाहीत. त्या दुखावतात ते सत्तेच्या खिशाकडे बोट दाखवल्यावर. म्हणून तुमच्या संस्कृतिरक्षणावर माझा काडीचा विश्वास नाही.

तुम्ही मारता आहात ते काय, तेही ऐका. मराठीत आणि मराठीच्या शेजारी आज रॅपला बहर आला आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी ठसका घेऊन देशभर ऐकला जातो. महाराष्ट्राला लागून असलेल्या बालाघाटचा डिनो जेम्स मुंबईत नाव काढतो. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलासाठी वारली बंडाचे गाणे केले. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ डच कंपनीने काढले आणि परदेशातली पोरे मराठी शब्दांवर नाचली. ज्या भाषेच्या नावाने आपण दर २७ फेब्रुवारीला गळा काढतो, तिला विशीतली मुले स्वखुशीने हात लावताहेत. त्यांच्याकडे फोन, उधारीचा माइक आणि फुकट मिळालेला बीट एवढेच भांडवल असते. वकील नसतो. एका नोटिशीने घरात बाप हादरतो, आई रडते, घरमालक खोली सोडायला सांगतो. ज्याच्यावर गुन्हा नोंदला, तो कदाचित धीराने उभा राहतो. पण त्याची बातमी वाचून वहीतली ओळ खोडणारी शंभर पोरे कुणाला दिसत नाहीत. खरे नुकसान त्या खोडलेल्या ओळींचे आहे.

भोपाळच्या पोराकडे विचारण्यासारखे खूप आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री या शहरावर विषारी वायू सुटला. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा इथून हलला जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी. व्यापमच्या परीक्षांत कुणाच्या जागा कुणी विकत घेतल्या, हे इथल्या प्रत्येक घराला विचारायचे आहे. याच शहरात सरकारी नोकरी करत दुष्यंत कुमार यांनी सत्तेला घाम फोडणाऱ्या गझला लिहिल्या. आज त्यांच्या नावाचे पांडुलिपी संग्रहालय भोपाळ अभिमानाने दाखवते. उद्या इथल्या एखाद्या पोराने कचऱ्यावर, परीक्षेवर, तलावात मिसळणाऱ्या गटारावर रॅप केले, तर त्याला संग्रहालयात जागा मिळायला अजून पन्नास वर्षे लागतील. तोवर निदान त्याला कोठडीची भीती घालू नका.

तुम्हाला एक वाट दाखवतो. तुकोबांच्या अभंगांवर आक्षेप घेणारे रामेश्वर भट्ट हेही तक्रारदारच होते. वह्या इंद्रायणीत गेल्या त्या त्याच वादातून. पण पुढे त्यांनी तुकोबांना ऐकले, त्यांचे शिष्य झाले आणि तुकोबांची आरती लिहिली. आजचा कुणी रॅपर तुकाराम नाही, आणि त्याची आरती करा असे मी म्हणत नाही. फक्त आधी ऐका. गाणे खोटे असेल तर त्याचा खोटेपणा दाखवणारे गाणे करा. तुमच्याकडे पैसा आहे, स्टुडिओ आहे, ढोल-ताशांची पथके आहेत. शब्द सुचत नसतील तर भाषण करा, लेख लिहा, हिशेबाचे कागद लोकांपुढे ठेवा. आणि उत्तरच नसेल तर घरी बसा.

तुमचे अर्ज मागे घ्या. ठाणेदारसाहेबांनी असा अर्ज हातात आल्यावर आधी ते गाणे पूर्ण ऐकावे आणि चौकशीचे चौदा दिवस वापरावेत. वाचकांना माझे एवढेच मागणे आहे: ज्या गाण्यावर तक्रार झाली, ते शोधून ऐका आणि त्यातल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आमदाराला विचारा. तो प्रश्न अजून तसाच उभा आहे.

आपला,
भोपाळचा एक मराठी श्रोता