रिॲक्टिव्हराव

विरार पश्चिमेला, बोळिंजकडच्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एक तरी रिॲक्टिव्हराव सापडेल. खरं नाव काहीही असो, हे आम्ही ठेवलेलं. वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी अंधेरीला, आणि विरार फास्टमध्ये सॅक पोटावर.

पडद्यावरचं सगळं आपोआप, त्याच क्षणी बदललं पाहिजे, हा याचा बाणा. कोणी पान रिफ्रेश करताना दिसलं तर याला कसंनुसं होतं. २०१२ साली वेबसाइट बांधायचं मीटिअर हे साधन आलं तेव्हा हा कॉलेजात होता. सर्व्हरवरची नोंद बदलली की उघड्या असलेल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये ती आपसूक बदलते, हे पाहून डोळे दिपले ते दिपलेच. पुढच्या वर्षी फेसबुकनं वेबपानं बांधायचं आपलं रिॲक्ट सगळ्यांना खुलं केलं, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एका खान्यातला आकडा बदलला की खालची बेरीज बदलते हे १९७९च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटमध्येही होतंच की, असं मी म्हटलं तर तोंड फिरवून बसला.

उन्हाळ्यात त्यानं सोसायटीसाठी टँकरच्या पाण्याचं पान बनवलं. फ्लॅटनं मागणी टाकली की ती यादीत सर्वांत वर, तीही लगेच. सकाळी नळ कोरडा पडला, सगळी बी विंग एकदम मोबाइलवर तुटून पडली आणि यादी थुईथुई नाचायला लागली. ३०४च्या काकू आपल्या ओळीवरच्या ‘रद्द करा’वर बोट टेकवणार, तेवढ्यात वरून नवी नोंद टपकली आणि यादी एक ओळ खाली सरकली. रद्द झालं ते सेक्रेटरींचं पाणी.

“अरे मेल्या, थांबव की ती यादी!”

“काकू, थांबवली तर ती लाइव्ह कशी राहील?”

“आणि पाणी नसलं तर मी कशी राहू?”

त्या दिवसापासून याची ब्रेक लावण्याची तपश्चर्या सुरू झाली. आता भेटेल त्याला तो हेच सांगतो. थ्रॉटल म्हणजे बदल कितीही येवोत, पडदा ठरावीक वेळात एकदाच हलणार. डिबाउन्स म्हणजे बदलांची गर्दी ओसरेपर्यंत हलायचंच नाही. मीटिअरच्या क्वेरीला ‘रिॲक्टिव्ह फॉल्स’ सांगितलं की ती एकदाच उत्तर देते, मग मागे डेटा कितीही बदलो. गड्यानं डोकंही चालवलं, हे कबूल करायला हवं. टँकर गेटवर आला ही सूचना त्यानं लाइव्हच ठेवली, कारण ती उशिरा कळून काय उपयोग? यादी मात्र गोठवली. नव्या नोंदी बाजूला साठतात आणि वर ‘५ नवीन नोंदी, पाहा’ अशी पट्टी येते. गोठलेली यादी शिळी असू शकते, म्हणून रद्द करण्याआधी सर्व्हर पुन्हा खात्री करून घेतो.

पानाला ब्रेक लागला, मालकाला नाही. भाईंदरला कोणी “पुढे गाडी अडकलीय म्हणे” असं पुटपुटलं की नायगाव यायच्या आत यानं चार ग्रुपवर कळवलेलं असतं. वसईला कळतं, अडकलीय ती चर्चगेटकडे जाणारी. घरी तर विचारू नका. बायको म्हणते, “कोथिंबीर संपलीय...” हा चप्पल घालून लिफ्टपाशी. ती मागून ओरडते, “उद्या आणली तरी चालेल म्हणत होते!” माझं वाक्य संपेपर्यंत थांबत जा, हे ती लग्नापासून सांगतेय. डिबाउन्स वेगळा काय असतो? पण तो इंग्रजीत समजावणारा मिळाला की याला पटतो.

परवा मीटिंगमध्ये काकूंनीच विषय काढला. ती पट्टी त्यांना दिसतच नाही, रात्रीची यादी सकाळीही तशीच, आपला नंबर कितवा ते कळायचं कसं? सेक्रेटरींनी मान डोलावली. “नाही म्हणजे, ते आपोआप वर दिसेल असं काही...”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत रिॲक्टिव्हरावांनी लॅपटॉप उघडला होता.