मिठाच्या गावी अळणी पाहुणा

डॉक्टरांनी माझ्या ताटातलं मीठ निम्म्यावर आणलं आणि त्याच वर्षी क्राकोला नोकरी करणाऱ्या लेकानं आम्हाला हौसेनं नेलं ते व्येलिच्काला. पोलंडमधलं हे गाव सातशे वर्षं मिठाच्या खाणीवर जगलं. १९९६ साली खोदकाम थांबलं. आता गाव पाहुण्यांवर जगतं.

सुरुवातीलाच ३८० लाकडी पायऱ्या उतरायच्या. पहिल्या शंभर हौसेनं उतरलो, पुढच्या गुडघ्यांना विचारून. खाली गारवा, आणि भिंती पाट्या-वरवंट्याच्या रंगाच्या. मीठ पांढरंच असतं ही जन्माची समजूत तिथेच विरघळली. चौदाव्या शतकात राजाच्या तिजोरीतला तिसरा हिस्सा इथल्या आणि शेजारच्या बोख्नियाच्या मिठाचा असे. आमच्या घरी ते चुलीशेजारच्या बरणीत उघडंच पडलेलं!

१०१ मीटर खोल संत किंगाचं प्रार्थनाघर आहे. जमीन मिठाची, भिंतींवरची शिल्पं मिठाची, झुंबरांचे लोलकही मिठाचे. हंगेरीच्या या राजकन्येनं लग्नात बापाकडे मीठ मागितलं, तिकडच्या खाणीत अंगठी टाकली आणि ती इथे मिठाच्या ढेकळात सापडली, अशी दंतकथा. "माहेरून मी लोणच्याची बरणी आणली," सौ. म्हणाली, "तर तुमच्या आईनं त्यातही मीठ जास्त काढलं."

मला मात्र घोडे आठवत राहिले. चक्रं ओढायला त्यांना खाली उतरवत. शेवटची घोडी बाश्का २००२ साली वर आली. उन्हात डोळे किलकिले करून तिनं आधी काय पाहिलं असेल?

"हवं तर भिंत चाटून बघा," गाइडबाई म्हणाल्या. सौ.नं "अहो, बीपी!" म्हणेपर्यंत माझी जीभ भिंतीला टेकली होती. काय चव! दोन महिन्यांच्या अळणी आमटीचं उट्टं निघालं.

वर आल्यावर दुकानात सौ.नं मिठाची पुरचुंडी घेतली. काउंटरवरची मुलगी ती हातात द्यायला लागली तशी ही दोन पावलं मागे सरली. मीठ हातावर घेतलं की भांडण होतं. पोरगी गोंधळली. लेकानं पोलिशमध्ये काहीतरी समजावलं. मग तिनं हसत, दोन्ही हातांनी, पुरचुंडी काउंटरवर ठेवली.