डिकीतला ताशा

भाच्याने, म्हणजे पिंट्याने, आपल्या जुन्या हॅचबॅकच्या डिकीत बारा इंची बूफर बसवला आणि त्याच गाडीतून आम्ही कोल्हापूरला लग्नाला निघालो. पुढे आम्ही दोघं, मागे आबा आणि आहेराची भांडी. कात्रजचा बोगदा संपला तरी गाणं कोणतं चाललंय ते कळेना. डिकीचा ताशा तेवढा स्वच्छ ऐकू येत होता. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावरचा माणूस कळवळून म्हणाला, "मागं काहीतरी सुटलंय बघा."

"सुटलं नाही, बेस आहे," पिंट्या म्हणाला.

एका दुकानदाराने अख्ख्या डिकीला डॅम्पिंग शीट लावायचे नऊ हजार सांगितले होते. बूफर सहा हजारांचा! सोन्यापेक्षा घडणावळ जड.

शिरवळला गाडी बाजूला घेतली. पिंट्याने मोबाइलवर एकसुरी 'घूं' वाजवणारं ॲप लावलं आणि सूर तीस हर्ट्झपासून हळूहळू चढवत नेला. मी मागे उभा राहून एकेक जागा दाबत होतो. प्रत्येक पत्र्याचा स्वतःचा एक सूर असतो, तो लागला की पत्रा अंगात आल्यासारखा थरथरतो. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. पहिले चोर फुकटात सुटणारे निघाले: जॅक आणि पाना. दोघांना आबांच्या टॉवेलात गुंडाळलं. आबा झोपेत होते, म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. डिकीच्या दारावरच्या रबरी गुंड्या थोड्या बाहेर फिरवल्या, तसं दार लॉकला ताणून बसलं.

नंबरप्लेट मात्र हाय सिक्युरिटीवाली. तिचे स्नॅपलॉक तोडल्याशिवाय निघत नाहीत, आणि तोडणं कायद्यात बसत नाही. मग फोम टेपचे तुकडे, कागद न सोलता, कडेकडेने मागे सारले. प्लेट गप्प.

आता उरला पत्रा. हार्डवेअरच्या दुकानात छताची गळती बंद करायची टेप मिळते. डांबराची स्वस्त, पण मे महिन्यात पाघळते आणि गाडीत रस्त्याचं काम चालल्यासारखा वास सुटतो. आम्ही ब्युटाइलची घेतली, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली. पत्रा मधोमध जास्त थरथरतो. तिथला पाव भाग झाकला तरी बरंचसं काम होतं. थरथर त्या चिकट थरात जिरते, किंचित उष्णता होऊन निघून जाते. धूळ पुसली, तुकडा लावला आणि आहेरातल्या वाटीच्या बुडाने रगडला. (वाटी पुसून परत ठेवली. वधूपक्षाने हे वाचू नये.) आधी बोटाच्या पेराने टकटक केलं की 'टण्ण' व्हायचं, आता 'ठप्'. बिल चारशेच्या आत.

खंबाटकी चढताना पहिल्यांदाच गाण्याचे शब्द कळले, आणि ते डिकीच्या आवाजाहून फारसे बरे नव्हते. साताऱ्याला कंदी पेढे घेतले. कराड गेलं आणि साठ हर्ट्झच्या आसपास पुन्हा काहीतरी किणकिणायला लागलं. पिंट्याने गाडी थांबवली. डिकी दाबली, ट्रे दाबला, भांडी दाबली, सगळं मुकाट. शेवटी आवाज मागच्या सीटवरून येतोय असं लक्षात आलं. आबा दात काढून झोपले होते. कवळी स्टीलच्या डबीत होती आणि डबी सीटबेल्टच्या बकलाला टेकलेली.

"आबा, डबीत थोडा फोम घालू का?" पिंट्याने अदबीने विचारलं.

आबांनी डोळे उघडले नाहीत. "मिशळ आली की उठव," ते म्हणाले. "तोवर वाजू दे तिला."