श्री. प्रोस्टाग्लँडिन यांस अनावृत पत्र

श्री. प्रोस्टाग्लँडिन ई-2,
मुक्काम : माझा उजवा गुडघा, पुणे 30.

स. न. वि. वि.

आपण आल्याचं परवा रात्री कळलं. चावला डास, पाहुणा बहुधा चिकुनगुन्याचा विषाणू. हा 1973 साली बार्शीला येऊन गेला होता आणि 2024च्या पावसाळ्यात त्यानं पुणेकरांना चांगलंच जेरीस आणलं. पण त्याच्या स्वागताचा मांडव घातलात आपण!

आपली कार्यपद्धती खास आहे. आमच्याच करडईच्या तेलातलं लिनोलेइक आम्ल उचलायचं, त्याचं शरीरात वीस कार्बनचं अराकिडोनिक आम्ल झालं की त्यातून स्वतः अवतरायचं. मेंदूत जाऊन तापाचा काटा वर सरकवायचा. गुडघ्यात मात्र आपण स्वतः टोचत नाही, नसांना नुसतं हळवं करून ठेवता. मग चादरीची घडी लागली तरी ओरडतो आम्हीच. पुरावाही मागे ठेवत नाही. फुप्फुसांतून एक फेरी झाली की आपण बहुतेक संपलेले असता. हार्मोनसारखा रुबाब, पण कारभार सगळा गल्लीपुरता.

अ‍ॅस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे. पण ते आपली निर्मितीच रोखतं, हे जॉन वेन यांनी दाखवलं 1971 साली. तोवर लोक गोळी गिळत होते आणि बरं वाटतंय म्हणत होते. 1982 साली वेन, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांना आपल्यापायी नोबेल मिळालं. आम्हाला गुडघेदुखी मिळाली. असो.

काल डॉक्टरांकडे अ‍ॅस्पिरिनसारखंच आपल्याला रोखणारं आयब्युप्रोफेन मागितलं, तर ते म्हणाले, "डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल." कारण काय, तर त्याच अराकिडोनिक आम्लातून जन्मलेले आपले बंधू थ्रॉम्बोक्सेन. रक्तातल्या प्लेटलेट त्यांच्या इशाऱ्यावर गोळा होतात. आपल्याला रोखायला जावं तर त्यांचंही काम थांबतं, आणि डेंग्यूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. शिवाय जठराचं अस्तर सांभाळण्याचं खातं आपल्याकडेच! म्हणजे आपल्याला हुसकलं तर पोट आमच्यावर उलटणार. वशिला इतका भक्कम असेल, तर आरोपीनं जामीन तरी कशाला मागावा?

तूर्त विनंती एवढीच. रिपोर्ट संध्याकाळी येणार आहे, तोवर डावा गुडघा वापरा. उजव्यावर भार देऊन मला जिना उतरून दूध आणायचंय.

कळावे. लोभ मुळीच नसावा.

आपला त्रासलेला यजमान